मार खाऊन कठीण होणारे पोलाद



मुंबईहून नागपूरकडे येणारी गाडी वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि लागलीच पुलगाव स्टेशन येते. पुलाचे गाव म्हणून पुलगाव, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला, तेव्हापासून हे ठिकाण त्या थोरल्या रस्त्यावर आहे. पुढे १९१७ साली येथून आर्वीकडे जाणारी अरुंद मापाची छोटी रेल्वेही सुरू झाली. ती छोटी गाडी आता धावत नाही. परंतु थोरल्या मार्गावरची वर्दळ मात्र रात्रंदिवस चालू असते. कोळसा, सिमेंट, धान्य आणि माणसे यांनी भरलेल्या गाड्या एकामागून एक या स्टेशनातून जातात.

गाडी कोणत्याही मोठ्या स्टेशनात शिरू लागली की चाकांचा एकसुरी नाद मोडतो आणि खाली ‘खाड्, खाड्’ असे कठोर ठोके ऐकू येतात. आपण ते सर्वांनी ऐकले आहेत. हे ठोके कोठून येतात, ते कोणती धातू सोसते, आणि इतके ठोके सोसूनही ती धातू लवकर झिजून का जात नाही, या प्रश्नांचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम ठोक्यांविषयी. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवावयाची असली, म्हणजे कोठे तरी एक रूळ दुसऱ्या रुळाला छेदून जाणारच. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते. त्या कडेमुळेच चाक रुळावर टिकून राहते. ही कड पलीकडे जाऊ द्यावयाची तर छेदाच्या जागी रुळात फट ठेवणे भाग आहे. या जागेला रेल्वेचे लोक क्रॉसिंग म्हणतात. चाक या फटीवरून जाताना क्षणभर किंचित खाली बसते आणि पलीकडच्या निमुळत्या टोकावर आदळते. भरलेल्या मालगाडीच्या एकेका चाकावर दहा-अकरा टनांचा भार असतो. एका गाडीला अशी शेकडो चाके, आणि दिवसाकाठी अशा कितीतरी गाड्या! हातभर लांबीच्या त्या टोकाला दररोज किती घणाघात सोसावे लागत असतील, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

आता हे टोक कशाचे करावे? मऊ लोखंडाचे केले तर ते चेपून जाईल. अतिशय कठीण पोलादाचे केले तर ते तडकेल. आणि क्रॉसिंग तडकणे म्हणजे गाडी रुळावरून घसरण्याची भीती. धातुशास्त्रातली ही जुनी अडचण आहे. काठिण्य वाढवावे तो चिवटपणा कमी होतो, चिवटपणा राखावा तो काठिण्य जाते. आपल्या गावचा लोहार ही गोष्ट पुस्तकावाचून जाणतो. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला तो लाल करून पाण्यात बुडवितो. याला तो ‘पाणी देणे’ म्हणतो. पाणी दिल्याने धार कठीण होते, परंतु तेवढ्यानेच ती काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून तो तिला पुन्हा बेताने तापवून थोडी नरम करतो. काठिण्य आणि चिवटपणा यांची अशी तडजोड करीत करीतच माणसाने हजारो वर्षे लोखंडाचा उपयोग केला.

ही तडजोड एका निराळ्या मार्गाने टाळता येते, हे दाखवून देण्याचा मान इंग्लंडातील शेफील्ड शहराच्या रॉबर्ट हॅडफील्ड याजकडे जातो. १८५८ साली जन्मलेला हा गृहस्थ पोलाद ओतणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. १८८२ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो पोलादात मँगनीज या धातूचे प्रमाण वाढवीत जाण्याचे प्रयोग करीत होता. पोलादात अल्प प्रमाणात मँगनीज घालण्याची रीत तेव्हाही होतीच. त्याने पोलादातील प्राणवायूचा व गंधकाचा दोष दूर होतो. परंतु हे प्रमाण शेकडा अडीच-तीनच्या पुढे गेले की पोलाद इतके ठिसूळ होई की हातोड्याखाली त्याचे तुकडे पडत. साहजिकच, यापुढे जाण्यात अर्थ नाही असा सर्वांचा समज झाला होता. हॅडफील्ड मात्र पुढे गेला. शेकडा सात-आठचा टप्पा ओलांडून प्रमाण बारा-तेरावर येताच ठिसूळपणा मावळू लागला. मग त्याने तो तुकडा चांगला तापवून पाण्यात बुडविला. साधे पोलाद असते तर ते आणखी कठीण व्हावयास हवे होते. हे पोलाद उलट नरम आणि विलक्षण चिवट झाले. थंड असतानाच ते वाकविले तरी मोडेना. १८८३ साली त्याने या शोधाचे हक्क घेतले आणि १८८८ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपले संशोधन सविस्तर मांडले. आजही हे पोलाद त्याच्याच नावाने ओळखले जाते.

या पोलादाची घटना अशी : शेकडा अकरा ते चौदा भाग मँगनीज, शेकडा एक ते सव्वा-दीड भाग कर्ब, बाकी मुख्यतः लोखंड. ओतीव तुकडा साच्यातून काढल्यावर हळूहळू निवू दिला तर कर्ब आणि धातू यांची संयुगे कणाकणांच्या सीमेवर जाळ्यासारखी जमतात, आणि तो तुकडा एका फटक्यात फुटू शकतो. म्हणून त्याला पुन्हा सुमारे एक हजार पन्नास अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. त्या उष्णतेत ती संयुगे विरघळून जातात. मग विलंब न करता तो तुकडा खळाळत्या पाण्यात सोडतात, म्हणजे विरघळलेला कर्ब पुन्हा एकत्र येण्यापूर्वीच आहे त्या जागी अडकून पडतो. विळ्याला पाणी देणारा लोहार आणि हे ओतशाळेतले कारागीर दोघेही लाल लोखंड पाण्यातच बुडवितात. पण एकाला त्यातून काठिण्य हवे असते आणि दुसऱ्याला चिवटपणा.

अशा रीतीने सिद्ध झालेल्या पोलादाची कठीणता मोजावयाची तर कठीण गोळी ठराविक दाबाने त्यावर टेकवून पडलेला खड्डा मोजतात. याला ब्रिनेल पद्धत म्हणतात. नव्या मँगनीज पोलादाचा अंक दोनशेच्या आसपास भरतो. साधा रूळदेखील याहून कठीण असतो. परंतु यावर जोराचे आघात होऊ लागले की त्याच्या पृष्ठभागाचा अंक चढत चढत पाचशेच्या घरात जातो. आतला गाभा मात्र पूर्वीइतकाच नरम आणि चिवट राहतो. वरचा थर झिजला तर त्याच्या खालचा थर आघाताखाली येतो आणि तोही कठीण होतो. म्हणजे बाहेर कवच आणि आत गादी अशी रचना येथे आपोआप होते, आणि कवच झिजले तरी नवे तयार होत राहते.

असे का घडते? पत्त्यांचा कॅट हाती घेऊन बाजूने ढकलला तर पाने एकमेकांवरून घसरतात. धातूतील अणूंचेही थरावर थर असतात, आणि धातू वाकते ती हे थर घसरल्यामुळे. मात्र सारा थर एकदम घसरत नाही. थरांच्या रचनेत जागोजाग सूक्ष्म व्यंगे असतात. ही व्यंगे रेषेरेषेने पुढे सरकतात आणि त्यांच्यामागोमाग थर सरकतो. आघात वाढले की व्यंगांची संख्या वाढते. गिरणीत सूत तुटून गुंतावे तशी ती एकमेकांत अडकतात, आणि मग थर घसरण्यास वाट उरत नाही. एवढे तर तांब्याच्या भांड्यावर तांबट ठोके मारतो तेव्हाही होते. मँगनीज पोलादात याखेरीज आणखी एक गोष्ट घडते. आघाताखाली स्फटिकाचे पातळ पापुद्रे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे होऊन बसतात. यांना जुळे स्फटिक म्हणता येईल. हे पापुद्रे स्फटिकात जणू भिंती उभ्या करतात. त्यातच मँगनीज व कर्ब यांचे अणू जोडीने व्यंगांच्या वाटेत उभे राहतात. या तिहेरी अडवणुकीमुळे काठिण्य इतके झपाट्याने वाढते.

पूर्वी विद्वानांचे मत निराळे होते. आघाताने या पोलादाचे रूपांतर लोहाराच्या पाणी दिलेल्या धारेसारख्या कठीण प्रकारात होत असावे, असे ते मानीत. परंतु तो प्रकार लोहचुंबकाला चिकटतो, आणि मँगनीज पोलाद नवे असताना चुंबकाला दाद देत नाही; पुष्कळ मार खाल्ल्यावरही सामान्यतः देत नाही. क्ष-किरणांनी व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांनी या निष्कर्षास पुष्टी दिली आहे. ही चुंबकाची परीक्षा शाळेतील मुलांना दाखविण्याजोगी आहे. मात्र त्यासाठी कोणी रुळांवर जाऊ नये. खडी फोडण्याच्या यंत्राचा झिजून टाकून दिलेला तुकडा मिळाला तरी काम भागते.

खडी फोडण्याच्या यंत्राचा उल्लेख आला तो सहज नव्हे. आपल्याकडचा काळा पत्थर जात्याच चिवट. तो दोन जबड्यांत धरून चिरडावयाचा, तर त्या जबड्यांच्या पट्ट्या बहुधा याच पोलादाच्या असतात. चोराच्या करवतीला व छिन्नीला दाद देऊ नये म्हणून जुन्या तिजोऱ्यांत आणि तुरुंगांच्या गजांतही त्याचा उपयोग केला गेला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जॉन ब्रॉडी याने योजिलेले शिरस्त्राण ब्रिटिश सैन्याला मिळू लागले. लवकरच ते हॅडफील्डच्या पोलादाचे होऊ लागले. तोफगोळ्यांचे वरून पडणारे तुकडे ते पुष्कळदा अडवी, आणि आघाताने खड्डा पडला तरी सहसा फुटत नसे.

इतके गुण ऐकल्यावर हे पोलाद सर्वत्र का वापरू नये, असे श्रोत्यांच्या मनात येईल. आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. बाजारात ‘मँगनीजचा माल’ म्हटले की तो कोठेही टिकेल अशी समजूत असते, आणि तिच्यापायी पैसा वाया जातो. हे पोलाद स्वभावतः कठीण नाही. त्याला कठीण होण्यासाठी भारी आघात लागतात. जेथे आघात नाहीत, नुसते घर्षण आहे, तेथे ते साध्या पोलादासारखेच झिजते. वाळू घसरत जाणारी पन्हळ घ्या. वाळूचा कण त्यावर आदळत नाही, नुसता ओरखडा काढून जातो. पृष्ठभाग कठीण होण्याइतका दाब त्याला कधी मिळतच नाही. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत चालणाऱ्या वखराची पास घ्या. ती मऊ भुसभुशीत मातीतून सरकत जाते. तिला मँगनीज पोलादाची केल्याने काहीच लाभ नाही. गावच्या लोहाराने पाणी दिलेली पासच तेथे अधिक चांगली.

दुसरी मर्यादा उष्णतेची. पाण्यात बुडवून अडकवून ठेवलेला कर्ब, पोलाद तीनशे अंशांच्या पुढे फार वेळ तापले की पुन्हा हालचाल करू लागतो आणि ती घातक जाळी पुन्हा विणली जाते. चिवटपणा जातो आणि ठिसूळपणा येतो. वरून मात्र काहीच दिसत नाही. म्हणून झिजलेल्या क्रॉसिंगवर वेल्डिंग करून भर घालावयाची तर ती थोडी थोडी, मध्ये थांबून, तुकडा थंड राखून घालावी लागते. साध्या पोलादाला वेल्डिंगपूर्वी तापवून घेण्याची सवय असलेला कारागीर येथे त्याच सवयीने वागला, तर वरवर नीट दिसणारे ते काम एखाद्या थंडीच्या रात्री तडकू शकते. तिसरी मर्यादा जाडीची. ओतीव तुकडा फार जाड असला की पाण्याचा थंडावा गाभ्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि आत ठिसूळ भाग राहून जातो.

आणखी एक अडचण आहे. नवे क्रॉसिंग बसविले की पहिल्या काही दिवसांत ते मऊच असते. चाकांच्या माराने ते कठीण होण्यापूर्वी थोडे चेपते, आणि त्याच्या कडांना धातूचे ओठ फुटतात; ते घासून काढावे लागतात. यावर विसाव्या शतकाच्या मध्यास एक युक्ती निघाली. क्रॉसिंगच्या पृष्ठभागावर स्फोटक द्रव्याची पातळ चादर पसरून तिचा स्फोट करावयाचा. एका क्षणाच्या त्या धक्क्याने, आकारात फारसा फरक न पडता, वरचा थर आधीच बराच कठीण होतो. स्फोट हा शब्द पुलगावात सहजपणे उच्चारता येत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे येथील मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, आणि ती विझविण्यास धावलेले अनेक जवान व अग्निशामक मृत्यू पावले. त्याच शक्तीला मोजून मापून कामास लावणे किती जोखमीचे आहे, हे पुलगावकरांस निराळे सांगावयास नको.

आता या पोलादाला ज्यामुळे हा गुण येतो त्या मँगनीजकडे वळू. कारण त्याचे आपल्या विदर्भाशी जवळचे नाते आहे. नागपूर व भंडारा हे जिल्हे आणि शेजारचा बालाघाट, हा भारतातील मँगनीजचा प्रमुख पट्टा होय. १९०० च्या सुमारास येथे खाणकाम सुरू झाले. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे तेव्हापासून परदेशच्या व्यापाऱ्यांस ठाऊक झाली. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ साली भारताच्या मँगनीज खनिजांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि येथील एका खास प्रकारच्या खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाईट’ हे नाव दिले. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव आजही आढळते.

परंतु खडकाला नाव आपले मिळाले तरी पोलाद आपले नव्हते. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले होईपर्यंत या भागातील पुष्कळसे खनिज मुंबई बंदराकडे जाई, आणि त्या गाड्यांची वाट पुलगाववरूनच होती. कच्चे खनिज बाहेर जाई आणि तयार पोलाद विकत घेतले जाई. याच हॅडफील्डने दिल्लीच्या लोहस्तंभाच्या लोखंडाचे पृथक्करण करून ते १९१२ साली प्रसिद्ध केले होते. ज्या देशाच्या प्राचीन लोहारांचे काम तो कौतुकाने तपासत होता, त्या देशातून त्या काळी मुख्यत्वे कच्चा मालच बाहेर पडत होता. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९६२ साली या खाणींसाठी नवी कंपनी स्थापन झाली, १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली, आणि मॉईल या नावाने तिचे मुख्य कार्यालय आज नागपुरात आहे. मँगनीज पोलादाची क्रॉसिंगे आता आपल्याच देशातील ओतशाळांत ओतली जातात.

या खाणींच्या संदर्भात एक गोष्ट विसरता कामा नये. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली तर मज्जासंस्थेला अपाय होतो. चाल बिघडते, हात कापतात, चेहरा निर्विकार होतो. स्कॉटलंडमधील कूपर नावाच्या वैद्याने असे रोगी १८३७ सालीच पाहून त्यांची नोंद केली होती. म्हणून खाणीत खडक ओला करून फोडणे, हवा खेळती ठेवणे, आणि ओतशाळेत घासकाम व वेल्डिंग करणाऱ्याला धुरापासून जपणे, ही चैन नव्हे. पोलादाला मार सोसून बळ येत असेल; ते खणणाऱ्या माणसाच्या शरीराला तसे येत नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, या पोलादाचा दृष्टान्त माणसाला लावण्याचा मोह फार होतो. माझा जन्म शाळामास्तरकीत गेला. ‘मार खाल्ल्यावाचून मूल घडत नाही’ हे वाक्य पालकांच्या व सहकाऱ्यांच्या तोंडून मी असंख्य वेळा ऐकले. मँगनीज पोलादाची हकीकत कळली तर त्यांना ती आपल्या मताचा पुरावाच वाटेल. परंतु हकीकत पुरती ऐकावी. तेच ओतीव पोलाद, त्याच घटकांचे, हळूहळू निवून ठिसूळ झालेले असले, तर पहिल्याच फटक्याला फुटते. आधी त्याला सर्वांगी सारखी ऊब मिळावी लागते, आतली गाठ विरघळावी लागते, आणि योग्य क्षणी योग्य उपचार व्हावा लागतो. हे सारे झाल्यावरच त्याच्यात आघात पचविण्याची शक्ती येते. आघाताने ती शक्ती प्रकट होते. ती आघाताने निर्माण होत नाही. शिवाय माणूस हा धातू नाही, आणि मुलाच्या अंगावर घण चालवून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पुढच्या वेळी आपण गाडीने एखाद्या स्टेशनात शिराल आणि खालून ते ठोके ऐकू येतील, तेव्हा त्यामागची ही सारी माणसे आठवावीत. ठिसूळपणाच्या टप्प्याशी न थांबलेला शेफील्डचा तो तरुण, मनसर-चिखल्याच्या खाणींतले मजूर, तापलेला तुकडा क्षण न दवडता पाण्यात सोडणारे ओतारी, आणि क्रॉसिंगचे वाढलेले ओठ घासून काढणारे रेल्वेचे कामगार, या सर्वांनी आपापले काम नीट केले म्हणूनच आपली गाडी त्या फटीवरून निर्धोकपणे पलीकडे जाते.